दातखिळ्याचा पाहुणचार

पितळी परातीत आंबे आले आणि माझ्या शेजारी बसलेल्या गुंडेरावमामांनी डोक्यावरची काळी टोपी काढून मांडीवर ठेवली. मामा टोपी दोनच प्रसंगी काढत. झोपताना, आणि कुणाच्या मौतीला गेल्यावर. ही झोपायची वेळ नव्हती.

"घ्या पाव्हणं," व्यंकटराव तौर म्हणाले. हे मुलीचे वडील. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, मामांकडेही नव्हते. आढ्याला टांगलेल्या रिकाम्या शिंक्याकडे बघून बोलत होते. "घरचाच हाय आंबा."

आंबे लिंबाहून थोरले आणि मुठीहून धाकटे होते. पिकले होते म्हणे, पण रंगानं ते मान्य केलेलं दिसत नव्हतं. मी एक उचलला, तळहातात फिरवून मऊ केला, देठाशी दाबून चीक काढला आणि तोंडाला लावला.

गोष्ट त्र्याहत्तर सालच्या मे महिन्यातली. आदल्या वर्षी पाऊस आला नव्हता, त्याच्या आदल्या वर्षी येऊन न आल्यासारखा करून गेला होता. मी तेव्हा लातूरला पाटबंधारे खात्यात कारकून होतो. त्या साली पाटबंधाऱ्याचा कारकून म्हणजे मुंडण झालेल्या गावातला न्हावी. खुर्ची होती, टेबल होतं, पंखा होता, फक्त पाणी नव्हतं. अशा फावल्या वेळात माणूस लग्नाचा विचार करतो. पण मी नुसता विचार करत नव्हतो. माझं ठरलं होतं. फक्त ते समोरच्यांना कळायचं राहिलं होतं.

झालं असं, की औश्याला एका लग्नात वऱ्हाडाचं पाणी संपत आलं. उरलेल्या एका पिंपापाशी एक मुलगी पदर खोचून, लांब दांड्याचं वगराळं घेऊन उभी राहिली. माणशी एक तांब्या. वरबापानं दुसरा मागितला, त्याला मिळाला नाही. नवरदेवाच्या मित्रानं नवरदेवासाठी जादा मागितला. ती म्हणाली, "नवरदेवाला तहान जास्त लागती व्हय?" खात्यात राहूनही पाण्याचं इतकं शिस्तीचं वाटप मी पाहिलं नव्हतं. मला मिळालेला तांब्या मी अर्धाच प्यायलो आणि उरलेला तिला दाखवून शेजारच्या म्हाताऱ्याला दिला. तिनं पाहिलं की नाही, ते कळलं नाही. एवढं मात्र कळलं, की तिचं नाव पद्मिनी आणि गाव बालाघाटाच्या डोंगरातलं आंबेदरा.

वडील नव्हते, म्हणून बोलणी करायला मामांना गळ घातली. आंबेदऱ्याचं नाव काढलं की मामांची दाढ दुखायची. आधी मला वाटलं, योगायोग. तिसऱ्यांदा दुखली तेव्हा मी दाढेसकट त्यांना एसटीत बसवलं. फाट्यापासून पायी. वाटेत ओढा लागला, तो ओलांडताना आमच्या चपलांवर धूळ बसली.

तर आंबा मी तोंडाला लावला.

कानाच्या पाळ्या आत ओढल्या गेल्या. डाव्या डोळ्यानं परस्पर रजा घेतली. टाळू, जीभ आणि पडजीभ या तिघी आजवर एका घरात सुखानं नांदत होत्या, त्या एकमेकींना चिकटून रडायला लागल्या. मग मानेच्या मागं एक शिरशिरी उठली, ती पाठीच्या कण्याची मोजदाद करत खाली गेली.

"कसा हाय?" व्यंकटरावांनी शिंक्याला विचारलं.

"वेगळा आहे," मी म्हणालो.

"वेगळा हाय खरा."

आतल्या दाराचा पडदा हलला. पडद्याखाली दोन पावलं दिसत होती, आणि औश्याच्या पिंपापाशी मी पावलंही नीट पाहून ठेवली होती. मी आंबा पुन्हा तोंडाला लावला. आल्या घरी पहिलाच पाहुणचार टाकला, असं तिला दिसायला नको.

"ऊठ," मामा ओठ न हलवता म्हणाले.

"कोय राहिलीय अजून, मामा."

"कोय राहू दे. ऊठ. निकाल लागला आपला."

"कसला निकाल? अजून मुलगीच बाहेर आली नाही."

"ती येणार पण नाही." मामा उठले. टोपी हातातच होती. "व्यंकटराव, हात धुऊन येतो."

"पाणी..." व्यंकटराव अवघडले. "परसात राख ठिवलीय."

मामांनी मला दंडाला धरून परसात नेलं. राखेच्या टोपल्यापाशी उभं राहून आम्ही हात चोळू लागलो. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, दोन गोसावी भभूत लावतायत.

"तुला चाल माहीत नाही इकडची," मामा म्हणाले. "या डोंगरपट्ट्यातली माणसं कुणाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. जीभ जड होते त्यांची. पाहुणा दुखावू नये म्हणून त्यांनी आंब्यावर काम सोपवलंय. तौरांच्या आमराईत प्रत्येक झाडाला नाव आहे. साखऱ्या ठेवला, की स्थळ पसंत. मग मुलगी बाहेर येते. शेप्या ठेवला, त्याला शेपूचा वास येतो, की विचार करून कळवू. आणि दातखिळ्या ठेवला—"

"की?"

"की आल्या वाटेनं जा. शहाणा माणूस चाखतो, ओळखतो, आणि बैलाला चारा घालायचा राहिला असं सांगून उठतो. ना बोलाचाली, ना भांडण. तू गाढवासारखा पूर्ण आंबा खाल्लास!"

डोळ्यांपुढं ते वगराळं आलं. म्हणजे मी औश्याच्या त्या पिंपापासून इथवर आलो, त्याचं उत्तर आधीच परातीत मांडून ठेवलं होतं, आणि मी ते चोखून घेत 'वेगळा आहे' म्हणत होतो.

"पण तुम्हाला कसं ठाऊक हे सगळं?"

"ऐकून आहे."

"ऐकून कसं? मघाशी तर तुम्ही ओळखलंत. न चाखता, नुसतं बघून."

मामा बराच वेळ राख चोळत राहिले. एव्हाना त्यांचे हात भांड्यांसारखे लख्ख झाले असतील.

"एकदा खाल्लाय," ते म्हणाले. "याच पडवीत. तू जन्मायच्या आधी. व्यंकटरावाच्या बहिणीला बघायला आलो होतो. द्वारका तिचं नाव."

मग माझ्या लक्षात आलं. मामी उदगीरची. तिला पाहायला मामा ऐन पावसाळ्यात गेले होते, असं मामीच सांगायची. तिथे आंब्याचा प्रश्न आला नव्हता.

"चल," मामा म्हणाले. "पुढच्या आळीनं निघू. बैलाला चारा घालायचा राहिलाय असं सांगतो."

"आपण चालत आलोय, मामा."

"चाल आहे ती. बैल लागतोच असं नाही."

परसाच्या गडग्यापलीकडे आमराई होती. होती म्हणजे, मोठमोठे बुंधे होते. एकावर पान नाही. एकाची साल सुटून कोटासारखी लोंबत होती. सरकारी योजनेतून आणलेल्या कलमांच्या ओळी पलीकडे होत्या, त्यांच्या जागी आता नुसत्या काठ्या उभ्या होत्या. मी कारकून माणूस, डोळा आपोआप शिल्लक शोधतो. आणि शिल्लक एकच होती. उताराच्या टोकाला, खडकाच्या कपारीत, काळंभोर हिरवं एक झाड. वरपासून खालपर्यंत आंब्यांनी लगडलेलं. त्या सगळ्या डोंगरावर सावली म्हणावी अशी तेवढीच.

"मामा, ते कुठलं झाड?"

मामांनी न बघताच सांगितलं, "तोच तो."

"आणि साखऱ्या?"

मामांनी बोट दाखवलं. ते बोट एका वाळक्या खोडावर जाऊन थांबलं, आणि तिथंच राहिलं.

"मामा, समजा त्यांना आपल्याला हो म्हणायचं असेल. तर त्यांनी आज काय ठेवलं असतं?"

"काहीही! गूळ-पाणी ठेवतात."

"पाणी?"

"नुसता गूळ. शेंगा. बिस्किटाचा पुडा मिळतो की तालुक्याला!" मामा चिडले. "दुष्काळ आहे म्हणून काय कुणाच्याही पुढं नकार ठेवायचा? उद्या घरात दुसरं काही नाही म्हणून पाहुण्याला चपलेनं मारतील!"

दंड सोडवून मी परत पडवीत गेलो. मामांना माझ्या मागं यावं लागलं, कारण भाचा एकटा पाठवला तर मामी विचारणार होती.

व्यंकटराव तिथंच होते. शिंकंही. मी सतरंजीवर बसलो आणि त्या पडवीत बहुधा आजवर कुणी विचारला नसेल असा प्रश्न विचारला.

"व्यंकटराव, तुमचं हो आहे का नाही?"

व्यंकटरावांना ठसका लागला. सरळ विचारलेला प्रश्न त्यांच्या घशाला सवयीचा नव्हता. ते उठले, बसले, शिंक्याकडे पाहिलं, आणि मग आतल्या दाराकडे तोंड करून ओरडले, "अगं द्वारके! पाव्हणं इचारायलेत!"

माझ्या मागं मामांनी टोपी घातली.

पडदा बाजूला सारून एक उंच, काटक बाई बाहेर आल्या. कपाळ मोकळं, पदर घट्ट. पद्मिनीच्या या आत्याबाई. लवकर नवरा गेल्यावर त्या माहेरी परतल्या होत्या आणि परतल्या दिवसापासून व्यंकटरावांना स्वतःचं मत ठेवायची गरज उरली नव्हती.

"काय इचारायचंय?" आत्याबाईंनी मला विचारलं.

"हे आंबे. चालीप्रमाणं ठेवलेत, का दुसरे नाहीत म्हणून ठेवलेत?"

"चाल कुणी सांगितली तुमाला?"

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी शिंक्याकडे पाहिलं.

"असं व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "गुंडेराव का हे? अंग सुटलंय. वळखू आला न्हाई."

"नमस्कार," मामा शिंक्याला म्हणाले.

आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या. "ऐका मग. साखऱ्या माझ्या आज्यानं लावला. घागरी घालून वाढवला, लाडाचा. पहिल्या साली पाणी तोडलं, दुसऱ्या साली मेला. शेप्या मेला, खोबऱ्या मेला. सरकारी कलमं तर नमस्कार करायच्या आधीच मेली. ह्या दातखिळ्याला कुणी लावलं न्हाई का घागर घातली न्हाई. माझ्या आज्याच्या आज्यानं खाऊन कोय फेकली कपारीत. खडक फोडून मूळ गेलंय त्याचं, कुठवर गेलंय ते त्यालाच ठाव. थोरल्या दुष्काळात, माणसं पालापाचोळा खायची तवा, ह्याच्या कैऱ्या वाळवून गावानं आंबोशीवर दिस काढले. कोया उकडून, वाळवून, दळून भाकरी केल्या. ह्या घरात जी काय वंशावळ हाय, ती त्या झाडामुळं हाय. मग पाऊसपाणी बरं झालं, साखऱ्या आला. गोड खायला लागलो, आणि ज्यानं जगवलं त्याला दारावर बसवलं, नको ती माणसं हाकलायला."

"म्हाताऱ्या माणसांना घरात असंच दारावर बसवतात," व्यंकटराव हळूच म्हणाले.

"तू गप."

मागून मामांचा आवाज आला. आयुष्यभर मी त्यांचा दरडावणारा आवाज ऐकला होता, हा त्यातला नव्हता.

"मी आलो होतो तेव्हा... तेव्हा तर साखऱ्या जिता होता."

"जिता होता," आत्याबाई म्हणाल्या. "मोहोर नव्हता. ते साल इसरलाव व्हय? लढाई चालू होती, राकेल मिळत नव्हतं, आणि पाऊस पण राकेलासंगंच गेला होता. सगळ्या आमराईत एका झाडाला फळ. आमच्या दादानं, म्हंजे बापानं, लई इचार केला. म्हणला, पाव्हणा लांबनं आलाय, रिकाम्या हातानं कसा बसवायचा? असंल ते ठिवा, शहाणा असंल तर समजून घील. मी आत लुगडं नेसून तयार बसले होते. तुमी एक चाखला आन् म्हणलाव, बैलाला चारा घालायचा राहिलाय."

मामांच्या चेहऱ्यावर एकेक साल मागं जात असलेलं दिसत होतं.

"म्हणजे तो..." मामा म्हणाले. "तो नकार नव्हता?"

"नव्हता."

"मग कुणी सांगितलं का नाही?"

"तोंडानं? आमच्यात?" आत्याबाईंनी पदर सारखा केला. "आणि सांगून काय करायचं होतं? मी म्हणलं, एका आंब्याला पळालाय गडी, संसाराला किती येळ टिकायचा. बरं झालं म्हणलं. तुमच्यावाचून काई अडलं न्हाई माझं."

मामा खाली बसले. परातीतला एक आंबा उचलला. मऊ केला, चीक काढला, आणि तोंडाला लावला तो कोय पांढरी होईस्तोवर खाली घेतला नाही. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दातखिळ्या खाताना सगळ्यांचंच वाहतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. आत्याबाई मात्र उठल्या, आत गेल्या, आणि वाटीत चिमूटभर मीठ आणून मामांच्या पुढ्यात ठेवलं.

"मिठासंगं बरा लागतो," त्या म्हणाल्या. "तवा बसला असताव तर सांगितलं असतं."

हे सगळं ठीक होतं. पण मामांच्या लग्नाचा प्रश्न सुटून आता काही उपयोग नव्हता, आणि माझा तसाच लोंबकळत होता.

"मग आज," मी विचारलं, "आजचं काय? दुसरं काही नव्हतं म्हणूनच ना?"

व्यंकटरावांनी माझ्याकडं पाहिलं. त्या दिवसातली पहिली वेळ. "खरं सांगू का पाव्हणं? बिस्किटाचा पुडा हाय घरात. मी तालुक्यावरनं आणलाय. पोरगी काढू देईना."

मामांनी कोयीवरनं तोंड वर केलं. "म्हणजे मुद्दामच ठेवला! श्रीरंगा, बघ! मी म्हणालो नव्हतो?"

"मुद्दामच," पडद्यामागून आवाज आला, आणि पद्मिनी बाहेर आली. दाखवायच्या मुली जशा येतात तशी नाही. ना हातात कपबशा, ना मान खाली. औश्याला पिंपापाशी उभी होती तशीच येऊन उभी राहिली. फक्त वगराळं नव्हतं.

"पद्मे!" आत्याबाई म्हणाल्या. "अजून बलावलं न्हाई तुला."

"बोलवायचा आंबा मेलाय आत्या. कवा बलावणार?" मग ती माझ्याकडे वळली. "या उन्हाळ्यात दोन स्थळं येऊन गेली. एक चाखून उठला. दुसरा नुसतं बघून उठला, त्याचा तर बैल फाट्यापासूनच उपाशी होता. दादा म्हणले, बिस्किटं ठिव. मी म्हणलं, न्हाई. घरात जे हाय ते ठिवते. असलेलं वाढलं म्हणून जो उठून जातोय, त्याच्या घरी जाऊन मी पुढच्या दुष्काळात काय वाढू?"

"अशानं बिनलग्नाची राहशील, असं मी हिला कवाधरनं सांगायले," आत्याबाई म्हणाल्या.

"राहीन की. दातखिळ्या पण एकटाच हाय, काय वाईट चाललंय त्याचं?" पुन्हा माझ्याकडे. "तुमी पूर्ण खाल्लाव. ते चाल ठाव नव्हती म्हणून, का ठाव असून?"

खोटं बोलायचा मोह फार झाला. समोर ती, शेजारी मामा, आणि मामा पुन्हा कोयीला लागले होते. पण औश्याला तिनं नवरदेवाला जादा पाणी दिलं नव्हतं, हे मी विसरलो नव्हतो.

"पहिला ठाऊक नव्हतं म्हणून," मी म्हणालो.

"आणि आता?"

"आता ठाऊक आहे."

"मग?"

आता खरी पंचाईत. माझे दात इतके आंबले होते, की जिभेचा स्पर्श सहन होत नव्हता. परातीत चार आंबे राहिले होते. अंगातली सगळी अक्कल सांगत होती, तोंडानं बोल, चांगलं काहीतरी बोल, पाटबंधाऱ्याचा अर्ज असतो तसं सविस्तर बोल. मी परात ओढली आणि दुसरा उचलला. चीक काढायचंही भान राहिलं नाही. डावा डोळा, मघाशी रजेवर गेलेला, आता कायमचा सेवानिवृत्त झाला. मी थांबलो नाही.

पद्मिनी क्षणभर बघत राहिली. मग जिथं दाखवायची मुलगी कधी बसत नाही तिथं, पाहुण्यांच्या सतरंजीवर, माझ्यासमोर मांडी घालून बसली. उरलेल्या तिनांतला मोठा स्वतः घेतला. एकदा मऊ केला, देठ दाताखाली तोडला आणि खायला लागली. पापणी हलली नाही. तिनं बोटानं मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली. आत्याबाईंनीही एक उचलून तोंडाला लावला.

व्यंकटरावांनी बहिणीकडे पाहिलं, भाच्यासमोर रडणाऱ्या मामांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. शिंक्याकडे मात्र पाहिलं नाही. परातीत एकच आंबा राहिला होता. यजमानानं पाहुण्यांच्या परातीत हात घालू नये अशी तिकडे चाल आहे. त्यांनी तो उचलला, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढं सगळे सांगत, की आंबेदऱ्याला श्रीरंगाच्या लग्नाची बोलणी झाली आणि मोठी चांगली झाली. मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. पण मी तिथे होतो, म्हणून सांगतो: त्या पडवीत लग्न ठरलं, तेव्हा कुणीही काहीही बोललं नाही. बोलणार कसं? पसंतीच्या त्या घटकेला प्रत्येकाच्या तोंडात एकेक कोय होती.